अडीच कोटी वर्णपटांचा ताळा

९ जानेवारी २०२५ रोजी ‘जीनोमइंडिया’ प्रकल्पाची विदा, म्हणजे डेटा, संशोधकांसाठी उपलब्ध होत असल्याची घोषणा झाली. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राने समन्वय केलेल्या या प्रकल्पात देशातील वीस संस्था सहभागी होत्या. ऐंशीहून अधिक लोकसमूहांतील सुमारे दहा हजार व्यक्तींचे संपूर्ण जीनोम त्यात वाचले गेले. ही विदा फरिदाबाद येथील भारतीय जैविक विदा केंद्रात ठेवली असून, ठरावीक नियमांनुसार अर्ज करणाऱ्या संशोधकांना ती मिळू शकते. बातम्यांत दहा हजार हा आकडा ठळक होता, आणि तो ठळक असावा असाच आहे. पण त्याच्यापाठोपाठ येणाऱ्या एका प्रश्नाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. या विदेवरून पुढील काही वर्षांत शेकडो निष्कर्ष निघतील. त्यांतील प्रत्येक आकड्याचा ताळा कसा पाहायचा?

‘ताळा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. शाळेत गणित सोडवले की उत्तराखाली ताळा मांडावा लागे. नुसते उत्तर लिहून भागत नसे, रीत दाखवावी लागे. पुस्तकाच्या मागील पानावरचे उत्तर जुळले, पण रीत चुकली, तर गुण कापले जात. आज जीवशास्त्रात जीनोम, प्रथिने, आरएनए आणि चयापचयातील रेणू यांची मोजमापे एकत्र जोडून निष्कर्ष काढले जातात. यालाच मल्टी-ओमिक्स म्हणतात. तेथील उत्तर शेकडो पायऱ्यांनंतर येते आणि त्या पायऱ्या माणूस नव्हे, संगणक चढतो. अशा वेळी रीत दाखवायची म्हणजे नेमके काय करायचे, याचा एक मोठा धडा बेंगळुरूच्याच इतिहासात आहे. तो २०१४ सालचा आहे. त्यात यश आहे, आक्षेप आहे आणि दुरुस्तीही आहे. म्हणूनच तो सविस्तर सांगण्यासारखा वाटतो.

मे २००२ मध्ये बेंगळुरूत ‘इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फॉरमॅटिक्स’ ही संस्था सुरू झाली. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधक अखिलेश पांडे हे तिचे संस्थापक. मानवी जीनोमचा पहिला मसुदा त्याआधी वर्षभरच प्रसिद्ध झाला होता. जनुकांच्या याद्या तयार होत होत्या, पण त्या जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांविषयीची माहिती हजारो शोधनिबंधांत विखुरलेली होती. या संस्थेतील तरुण जीवशास्त्रज्ञांनी ते निबंध एकेक करून वाचले आणि कोणते प्रथिन कोणाशी जोडले जाते, पेशीत कोठे आढळते, त्यात कोणते रासायनिक बदल होतात, याच्या नोंदी केल्या. त्यातून २००३ मध्ये ‘ह्यूमन प्रोटीन रेफरन्स डेटाबेस’ उभा राहिला. हे काम कारकुनी वाटेल, पण एक सवय त्यातूनच रुजली. प्रत्येक नोंदीसमोर तिचा पुरावा कोठून आला, हे लिहून ठेवायचे.

पुढे संस्थेने स्वतः मोजमापे सुरू केली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला क्षयरोगाच्या जिवाणूवरील अभ्यास येथे आठवतो. धनश्री केळकर या त्याच्या प्रथम लेखिका होत्या. क्षयाच्या जिवाणूच्या प्रमाण वाणाचा जीनोम १९९८ मध्येच वाचून झाला होता. पण त्यातील कोणता भाग खरोखर प्रथिन बनवतो, हे संगणकाच्या अंदाजावर ठरले होते. या गटाने जिवाणूतील प्रथिने प्रत्यक्ष मोजली, ३,१७६ प्रथिने ओळखली, आणि मोजमापांची तुलना ज्ञात प्रथिनांच्या यादीशी तर केलीच, पण संपूर्ण जीनोमशीही केली. त्यातून यादीत नसलेली ४१ जनुके सापडली आणि ७९ जनुकांच्या सीमा सुधाराव्या लागल्या. जीनोम आणि प्रथिने या दोन थरांना एकमेकांची साक्ष काढायला लावणाऱ्या या पद्धतीला प्रोटिओजीनोमिक्स म्हणतात. मल्टी-ओमिक्सचे हे सर्वांत साधे आणि सर्वांत कठोर रूप होय.

हीच पद्धत माणसावर वापरून २९ मे २०१४ रोजी ‘नेचर’मध्ये मानवी प्रथिनसंचाचा मसुदा-नकाशा प्रसिद्ध झाला. जॉन्स हॉपकिन्स आणि बेंगळुरूची संस्था हे त्याचे दोन मुख्य आधार होते आणि लेखकांच्या यादीत भारतीय नावांची रांग होती. निरोगी मानवी ऊतींचे व पेशींचे तीस प्रकार तपासले गेले. त्यांत प्रौढांच्या १७ ऊती, गर्भाच्या ७ ऊती आणि रक्ताशी संबंधित ६ प्रकारच्या पेशी होत्या. यंत्राच्या दोन हजारांहून अधिक फेऱ्या झाल्या आणि त्यातून सुमारे अडीच कोटी वर्णपट मिळाले. निष्कर्ष असा की १७,२९४ जनुकांच्या प्रथिनांचा पुरावा सापडला, म्हणजे ज्ञात प्रथिनजनुकांपैकी सुमारे ८४ टक्के. जीनोमच्या ज्या भागांत प्रथिन बनत नाही असे मानले जाई, तेथूनही काही प्रथिने बनत असल्याचे त्यात नोंदवले होते. भारतीय वृत्तपत्रांनी या यशाचे योग्य ते कौतुक केले.

हा आकडा येतो कसा, हे समजल्याखेरीज पुढची गोष्ट कळणार नाही. मास स्पेक्ट्रोमीटर अखंड प्रथिन ‘पाहत’ नाही. ऊतीतील सर्व प्रथिने ट्रिप्सिन नावाच्या विकराने ठरावीक जागी कापली जातात. मिळालेल्या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. यंत्र प्रत्येक पेप्टाइडचे वस्तुमान मोजते, मग ते फोडून त्याच्या तुकड्यांची वस्तुमाने मोजते. ही वस्तुमानांची पट्टी म्हणजे एक वर्णपट. त्यावरून मूळ पेप्टाइड कोणते, हे संगणक प्रथिनांच्या यादीशी ताडून ठरवतो. जुळणी कधी अचूक असते, कधी योगायोगाची. योगायोगाच्या जुळण्या किती, हे मोजण्यासाठी खऱ्या यादीसोबत एक बनावट यादी जोडतात. तीत प्रत्येक प्रथिनाचा क्रम उलटा केलेला असतो. निसर्गात नसलेल्या त्या प्रथिनांशी जितक्या जुळण्या होतात, साधारण तितक्याच चुकीच्या जुळण्या खऱ्या यादीतही दडलेल्या असणार. या अंदाजावरून चुकीचे प्रमाण एक टक्क्याच्या आत राहील अशी गुणांची मर्यादा ठरवतात.

त्याच अंकात जर्मनीतील म्युनिक येथील बर्नहार्ड कुस्टर यांच्या गटाचाही प्रथिनसंचाचा मसुदा होता. त्यांनी स्वतःची मोजमापे आणि जगभर आधीच प्रसिद्ध झालेली विदा एकत्र करून १८,०९७ जनुकांच्या प्रथिनांचा, म्हणजे सुमारे ९२ टक्क्यांचा, दावा केला होता. पण प्रथिनांची शहानिशा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची गणती तेव्हा या दोन्ही आकड्यांच्या बरीच मागे होती. माद्रिदमधील मायकेल ट्रेस, अल्फोन्सो व्हॅलेन्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे अंतर खटकले. त्याच वर्षी त्यांनी एक साधी कसोटी लावली. माणसाच्या जीनोममध्ये वास ओळखणाऱ्या ग्राहक-प्रथिनांची सुमारे चारशे जनुके आहेत. ही प्रथिने मुख्यतः नाकाच्या आतील अस्तरात आढळतात. दोन्ही अभ्यासांत नाकाची ऊती तपासलीच नव्हती. तेव्हा या प्रथिनांचा पुरावा जवळजवळ शून्य असायला हवा. प्रत्यक्षात दोन्ही अभ्यासांत मिळून शंभराहून अधिक घ्राणग्राहकांची पेप्टाइडे ‘सापडलेली’ होती. निष्कर्ष उघड होता. दोन्ही नकाशांत प्रथिनांची संख्या फुगलेली असावी, आणि ही विदा जपून वापरावी.

एक टक्क्याची मर्यादा पाळूनही असे कसे होते? मोठ्या वर्गाच्या हजेरीचे उदाहरण घेऊ. गोंगाटात गुरुजी नाव घेतात आणि कोणीतरी ‘हजर’ म्हणते. शंभरांत एकदा गुरुजींची ऐकण्यात चूक होते आणि भलत्याच नावापुढे खूण पडते. जे विद्यार्थी खरोखर वर्गात आहेत, त्यांच्या नावापुढे दिवसभरात अनेक खुणा पडतात. एखादी चुकीची खूण त्यांत मिसळली तरी काही बिघडत नाही, कारण ते हजरच आहेत. पण गैरहजर मुलाच्या नावापुढे पडलेली एकच चुकीची खूण त्याला हजर करून टाकते. खुणांमधील चूक एक टक्का असली, तरी ‘हजर विद्यार्थ्यांच्या’ यादीतील चूक त्याहून कितीतरी मोठी असते.

हे आकड्यांत पाहू. पुढील संख्या केवळ समजण्यासाठी घेतलेल्या आहेत, त्या अभ्यासातील नव्हेत. समजा, एकूण २०,००० प्रथिने असून त्यांपैकी १२,००० नमुन्यांत खरोखर आहेत आणि ८,००० नाहीत. दहा लाख जुळण्या स्वीकारल्या आणि त्यांत एक टक्का चुका असल्या, तर १०,००० जुळण्या चुकीच्या. त्या कोठेही पडू शकतात, म्हणून प्रत्येक प्रथिनाच्या वाट्याला सरासरी अर्धी चूक येते. पॉयसनच्या सूत्रानुसार एकही चूक वाट्याला न येण्याची शक्यता सुमारे ६१ टक्के, म्हणजे ३९ टक्के प्रथिनांना किमान एक चुकीची जुळणी मिळणार. ८,००० गैरहजर प्रथिनांपैकी सुमारे ३,१०० ‘हजर’ होतात. यादी १५,१०० प्रथिनांची बनते आणि तिच्यातील पाचांतले एक खोटे असते. आता विदा दुप्पट करा. चुकीच्या जुळण्या २०,००० होतात, गैरहजरांपैकी ६३ टक्के यादीत शिरतात आणि यादी १७,००० च्या वर जाते. त्यांतील जवळपास ३० टक्के खोटी. खऱ्या प्रथिनांत भर पडलेली नाही, तरीही यादी वाढली आणि ‘शोध’ मोठा दिसू लागला. अधिक मोजमाप म्हणजे अधिक सत्य, ही आमच्या भौतिकशास्त्रातही सहज स्वीकारली जाणारी समजूत येथे उलटी पडते.

त्या काळी अनेक मोठ्या अभ्यासांत चुकीची मर्यादा वर्णपटांच्या किंवा पेप्टाइडांच्या पातळीवर लावली जाई आणि निष्कर्ष मात्र प्रथिनांच्या पातळीवर मांडला जाई. एका पायरीवरची हमी दुसऱ्या पायरीवर आपोआप पोचत नाही, ही गोष्ट लहान अभ्यासांत फारशी जाणवत नसे. अडीच कोटी वर्णपटांनी ती उघडी पाडली.

पुढे घडले ते विज्ञानाला शोभेसे होते. २०१५ मध्ये मिखाईल सावित्स्की आणि सहकाऱ्यांनी या अडचणीवर नवी रीत सुचवली. तीत प्रत्येक प्रथिनाची त्याच्या स्वतःच्या उलट्या जोडीदाराशी स्पर्धा लावतात, अधिक गुणांचा राहतो आणि दुसरा बाद होतो. त्यामुळे विदा वाढली तरी चुकीचा अंदाज ढळत नाही. ही रीत एकोणीस हजारांहून अधिक यंत्रफेऱ्यांच्या साठ्यावर लावली, तेव्हा प्रथिनांची संख्या सुमारे १४,७०० वर स्थिरावली. या निबंधाच्या लेखकांत स्वतः कुस्टर होते. ज्यांच्या आकड्यावर आक्षेप होता, त्यांनीच ताळा पाहण्याची अधिक कठोर पद्धत घडवण्यात हातभार लावला. २०१६ मध्ये ब्रिटनमधील एका गटाने तीन मोठे सार्वजनिक संच पुन्हा तपासले. त्यांत हॉपकिन्स-बेंगळुरू नकाशाची मोजमापेही होती. कठोर चाळण्या लावल्यावर मानवी जनुकांच्या प्रमाण यादीत घालण्याजोगी १६ नवी जनुके त्यातून निघाली. एकेकाळच्या अपेक्षांच्या मानाने ही संख्या लहान आहे, पण ती टिकणारी आहे. याच सुमारास आंतरराष्ट्रीय मानवी प्रथिनसंच प्रकल्पाने नियम कडक केले. एखादे प्रथिन सापडल्याचा दावा करायचा, तर किमान नऊ अमिनो आम्लांची आणि केवळ त्याच प्रथिनाशी जुळणारी दोन वेगळी पेप्टाइडे हवीत. या कडक नियमांनी २०२० मध्ये ९०.४ टक्के प्रथिनांचा पुरावा जमला.

येथे कोणी म्हणेल, म्हणजे शेवटी आकडा ९० टक्क्यांवर गेलाच की! मग २०१४ चा ८४ टक्के चुकीचा कसा? उत्तर शाळेतलेच आहे. मागील पानावरचे उत्तर जुळले म्हणून रीत बरोबर ठरत नाही. २०२० मध्ये प्रत्येक प्रथिनामागे कोणता पुरावा आहे, हे बोट ठेवून दाखवता येत होते. २०१४ मध्ये यादीतील कोणती नावे पक्की आणि कोणती योगायोगाची, हे सांगता येत नव्हते. औषधाचे लक्ष्य शोधणाऱ्या संशोधकाला टक्केवारीचा उपयोग नसतो. त्याला त्याचे एक प्रथिन खरे आहे की नाही, हे हवे असते.

पण हा सारा ताळा शक्य कशामुळे झाला? कारण अडीच कोटी वर्णपटांची कच्ची विदा ब्रिटनमधील हिंक्स्टन येथील ‘प्राइड’ या सार्वजनिक साठ्यात ठेवलेली होती. तिला क्रमांक होता, ती कोणालाही उतरवून घेता येत होती. आक्षेप घेणाऱ्यांना परवानगी मागावी लागली नाही, दुरुस्ती करणाऱ्यांनाही नाही. माझ्या मते त्या नकाशाची सर्वांत टिकाऊ देणगी ८४ टक्के हा आकडा नव्हे, तर स्वतःचा आकडा तपासू देण्याची ही सोय होय.

ही सोय नसली की काय होते, याचे उदाहरणही त्याच दशकातले आहे. २००६ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील अनिल पोट्टी आणि जोसेफ नेव्हिन्स यांच्या गटाने, अर्बुदातील जनुकांच्या हालचालीवरून कोणते कर्करोगाचे औषध लागू पडेल हे सांगता येते, असा दावा केला. कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी ताळा पाहायचा प्रयत्न केला. पायऱ्यांची पुरेशी नोंद उपलब्ध नसल्याने त्यांना निकालांवरून उलटा माग काढावा लागला. २००९ मध्ये त्यांनी दाखवले की जनुकांची यादी एका ओळीने सरकली होती आणि काही ठिकाणी ‘औषध लागू’ व ‘औषध निरुपयोगी’ या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. तोपर्यंत या पद्धतीवर रुग्णांच्या चाचण्या सुरू झाल्या होत्या आणि शंभराहून अधिक रुग्ण त्यांत दाखल झाले होते. २०१० मध्ये चाचण्या थांबल्या, २०११ मध्ये मूळ निबंध मागे घेतला गेला, आणि पुढे सरकारी चौकशीत विदेशी गैरवर्तन झाल्याचेही निष्पन्न झाले. चूक साधी असो वा हेतुपुरस्सर, रीत झाकलेली असली की दोन्ही सारख्याच सुरक्षित राहतात.

मात्र कच्ची विदा खुली असणे ही निम्मीच वाट आहे. दुसरी निम्मी म्हणजे पायऱ्या. स्टॅनफर्डचे भूभौतिकशास्त्रज्ञ जॉन क्लेअरबाउट यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभीच आपल्या गटात दंडक घातला होता, की निबंधातील प्रत्येक आकृती एका आज्ञेसरशी मूळ विदेपासून पुन्हा काढता आली पाहिजे. जीवशास्त्रात ही शिस्त उशिरा आली. २०१२ मध्ये ‘स्नेकमेक’ आणि त्याच्या आगेमागे ‘नेक्स्टफ्लो’ ही साधने आली. कोणती पायरी कोणत्या फाइलवर अवलंबून आहे, हे त्यांत लिहून ठेवतात आणि मग संपूर्ण साखळी, म्हणजे पाइपलाइन, यंत्र स्वतः चालवते. बार्सिलोनातील नेक्स्टफ्लोच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले की तोच प्रोग्राम, तीच विदा, पण संगणकप्रणाली वेगळी असेल तर निकाल थोडे बदलतात. प्रोग्राम आणि त्याचा सारा परिसर एका ‘कंटेनर’मध्ये बंद करून चालवला, की फरक नाहीसा होतो.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट करून मी जीवशास्त्रीय विदेच्या विश्लेषणाकडे वळलो. पहिल्याच मोठ्या कामात जनुकांची एक यादी तयार केली आणि वर्षभराने परीक्षकांच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी तीच पाइपलाइन पुन्हा चालवली. काही जनुके गळाली होती, काही नवी आली होती. तीन दिवस मी संख्याशास्त्रात चूक शोधत होतो. कारण भलतेच निघाले. माझी आज्ञावली जनुकांची संदर्भयादी दर वेळी इंटरनेटवरून ताजी उतरवून घेत होती, आणि मधल्या काळात त्या यादीची नवी आवृत्ती आली होती. मोजमापे बदलली नव्हती. मी आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवला नव्हता, एवढेच. अर्थात, पहिली यादी नेमकी कशी आली होती, हे सिद्ध करणे मला त्यानंतर फार जड गेले.

एका थराच्या विदेत ही स्थिती, तर अनेक थर जोडताना काय होत असेल? जीनोमच्या यादीत जनुकाचे नाव एक, प्रथिनांच्या साठ्यात दुसरे, आणि जोडणीच्या तक्त्याच्या प्रत्येक आवृत्तीत काही नावे हरवतात. एक्सेल काही जनुकांची नावे तारखा समजून बदलते. ‘सेप्ट-२’ हे जनुक २ सप्टेंबर होते. २०१६ मधील एका पाहणीत एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडणाऱ्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीने अशा जनुकांची नावेच बदलली. नमुन्यांची अदलाबदल हा आणखी गंभीर प्रकार. एका रुग्णाचा जीनोम आणि दुसऱ्याची प्रथिने एकाच नावाखाली जोडली गेली, तरी पाइपलाइन निमूटपणे चालते आणि उत्तरही देते. येथे मल्टी-ओमिक्सची गुंतागुंत हीच तिची ताकद ठरू शकते. जीनोममधील फरक आरएनएत उमटतात आणि प्रथिनांतही दिसतात, त्यामुळे एक थर दुसऱ्याची ओळख पटवू शकतो. पण हा पडताळा पाइपलाइनमध्ये मुद्दाम लिहावा लागतो.

या बाबतीत माझ्या मूळ विषयाकडून घेण्यासारखी एक प्रथा आहे. हिंगोली जिल्ह्यात ज्या लायगो-इंडियाची उभारणी व्हायची आहे, तिच्या अमेरिकेतील वेधशाळांत सप्टेंबर २०१० मध्ये गुरुत्वीय लहरीसारखा एक संकेत आला. शेकडो वैज्ञानिकांनी महिनोन्‌महिने त्याचे विश्लेषण केले आणि निबंधाचा मसुदाही तयार झाला. मार्च २०११ मध्ये बंद लिफाफा उघडला, तेव्हा तो संकेत मोजक्या लोकांनी गुपचूप घातलेला कृत्रिम संकेत असल्याचे सर्वांना कळले. पाइपलाइन खरोखर संकेत पकडते का, आणि माणसे त्याची नीट शहानिशा करतात का, याची ती परीक्षा होती. माद्रिदच्या गटाने घ्राणग्राहकांची कसोटी लावली, तिचे तत्त्व हेच. ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असा एक प्रश्न पाइपलाइनला विचारायचा. लायगोने हा प्रश्न निकालाआधी स्वतःलाच विचारला. प्रथिनांच्या नकाशांच्या बाबतीत तो नंतर इतरांनी विचारला. फरक एवढाच, पण तो मोठा आहे.

आता पुन्हा जीनोमइंडियाकडे येऊ. हे वाचन एकाहून अधिक केंद्रांत झाले आहे. उद्या त्यावर प्रथिनांचे, चयापचयाचे, आजारांच्या नोंदींचे थर चढतील. तेव्हा दोन लोकसमूहांत दिसणारा फरक जैविक आहे की दोन प्रयोगशाळांच्या पद्धतींतला, हे ओळखावे लागेल. त्यातून मधुमेहाची किंवा हृदयविकाराची जोखीम सांगणारे आकडे निघतील आणि ते दवाखान्यापर्यंत पोचतील. ही विदा व्यक्तींच्या खासगीपणाशी निगडित असल्याने प्राइडमधील वर्णपटांसारखी ती सर्वांना मोकळी देता येणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळेच दुसऱ्या बाजूची जबाबदारी वाढते. विदा कुलपात असेल, तर रीत तरी पूर्ण उघडी हवी. तीच परवानगी मिळालेल्या दुसऱ्या गटाला तीच पाइपलाइन चालवून त्याच आकड्याशी पोचता आले पाहिजे.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना म्हणूनच काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. कच्च्या विदेला कधीही हात लावू नका, बदल करायचा तो नव्या फाइलमध्ये करा. प्रत्येक संदर्भयादीची आणि प्रोग्रामची आवृत्ती लिहून ठेवा. हाताने केलेली एकही दुरुस्ती आज्ञावलीबाहेर राहू देऊ नका. यादृच्छिक संख्या वापरत असाल, तर त्यांचा आरंभबिंदू नोंदवा. चुकीची मर्यादा ज्या पातळीवर लावली, त्याच पातळीवर निष्कर्ष मांडा. आणि निबंध पाठवण्यापूर्वी आपल्या निकालांत एक ‘नाक’ शोधा. जे तेथे असूच शकत नाही असे काहीतरी निवडा आणि ते यादीत आले आहे का, ते पाहा. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला, काही न सांगता, तुमची पाइपलाइन त्याच्या संगणकावर चालवायला द्या. त्याचा आकडा तुमच्यापेक्षा वेगळा आला, तर तो दिवस वाया गेला असे समजू नका.

बेंगळुरूच्या त्या नकाशातील १७,२९४ हा आकडा आज कोणी जसाच्या तसा वापरत नाही. पण त्यामागचे अडीच कोटी वर्णपट अजूनही उतरवून घेता येतात, आणि नवी रीत सापडली की कोणीतरी ती त्यांच्यावर लावून पाहू शकते. आपल्या आजच्या आकड्यांचेही पुढे असेच व्हावे. ते सुधारले जातील, काही गळतीलही. ते सुधारता येतील अशा स्थितीत ठेवणे मात्र आपल्याच हाती आहे.